पांढरा पडलेला बंपर आणि आप्पांची खोबरेलाची बाटली

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रंकाळ्यावर भेळ खायला थांबलेलो, गाडी कडेला लावलेली, मित्र बोनेटला टेकून खातोय आणि खाता खाता त्यानं वायपरखालच्या जाळीवरनं बोट फिरवलं आणि ते माझ्या तोंडापुढं धरलं. "मर्दा, पिठाच्या गिरणीत लावतोस काय गाडी?" बोटाला खरंच राखाडी पांढरी पूड. मी म्हटलं धूळ असंल, आमच्या गल्लीत रस्ता उकरलाय. त्यानं बाटलीतलं पाणी जाळीवर ओतलं, रुमाल फिरवला, जाळी एकदम काळीकुट्ट, नव्यासारखी. मी म्हटलं बघ, धूळच होती. मग भेळ संपवून हात धुऊन येतोय तोवर ती वाळली आणि परत पांढरीफटक. म्हणजे धूळ नव्हती, जाळीच झिजत होती.

घरी येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली तर मग दिसायलाच लागलं सगळं. एकदा दिसलं की दिसत राहतं ओ, तोवर दहा वर्षं दिसलं नव्हतं. खालचा अर्धा बंपर, आरशाचं बूड, चाकावरच्या कमानी, दाराच्या साईडपट्ट्या, सगळं कसं भाजून राख झाल्यासारखं. गाडी 2013 ची, एमएच 09, सिल्व्हर कलर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही, रंग न दिलेलं काळं प्लास्टिक उन्हात ठेवलं की कुणाचंही असंच होणार. आणि आमची गाडी कायम उघड्यावर, तोंड पश्चिमेला, दुपारी दोन ते सूर्य बुडेपर्यंत सगळं ऊन पुढनं अंगावर.

आता आप्पांचं सांगायला पाहिजे. आमचे आप्पा म्हणजे चपलेचा माणूस. कापशी चप्पल, जाड तळव्याची, एक जोड आठ-आठ वर्षं चालवणार, आणि त्याचं रहस्य म्हणजे तेल. दर पंधरा दिवसांनी रविवारी दारात बसून चिंधीनं चपलेला तेल चोळायचं आणि सावलीत ठेवायची, उन्हात नाही. तर याच नियमानं ते दर दसऱ्याला गाडीलाही तेल लावायचे. गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची आणि त्याआधी खोबरेलाची बाटली घेऊन सगळ्या काळ्या प्लास्टिकला आणि दाराच्या रबरला मस्त चोळून तेल. मला कधी काही वाटलं नाही कारण गाडी दिसायची भारी. दसऱ्याच्या दिवशी दुपारी सोनं द्यायला निघायचो तेव्हा बंपर असा चमकायचा की बास. चार दिवसांनी त्याच्यावर धुळीचा थर असा बसायचा की बोटानं नाव लिहावं. आणि मग पहिल्या धुण्यात तेल गेलं की पहिल्यापेक्षा जास्त पांढरा वाटायचा.

मी आप्पांना म्हटलं, आप्पा, तेलानंच वाट लागलीया बघा. तर म्हणाले, "माझी चप्पल बघ आणि तुझी गाडी बघ, मग बोल." आता यावर काय बोलणार.

पण या एका वाक्यानं मला कामाला लावलं खरं. चप्पल टिकते आणि प्लास्टिक का टिकत नाही, तेल तर दोघांनाही लावलंय. शोधत गेलो तर कारण साधंच निघालं. चामडं म्हणजे तंतूंचं जाळं, त्याच्या मधनं तेल आत जातं, तंतू एकमेकांवर घासत नाहीत, मऊ राहतात, तडकत नाहीत. प्लास्टिक तेल पीत नाही. तेल नुसतं वर बसतं, पृष्ठभागावरच्या बारीक खाचांत. म्हणजे चपलेला तेल हे जेवण आहे आणि बंपरला तेल म्हणजे नुसता मेकअप, तो पण धूळ पकडणारा.

मग ओलं केल्यावर काळं का दिसतं? हे मला कळलं पंचगंगेच्या घाटावर. रविवारी सकाळी गेलेलो, पाण्यालगतच्या पायऱ्या ओल्या, काळ्याभोर, आणि त्याच्या वरच्या दोन कोरड्या, राखाडी. दगड एकच. कोरड्या दगडाचा पृष्ठभाग खडबडीत, त्याच्यावर पडलेला उजेड चारी बाजूंना उधळतो आणि डोळ्याला पांढुरकं दिसतं. पाणी त्या खाचा भरून काढतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, उजेड उधळायचा कमी होतो, आतला खरा रंग दिसतो. बंपरचं अगदी हेच. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, वरचा पापुद्रा ठिसूळ होतो, त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्या चिरा उजेड उधळतात. रंग गेलेला नसतो, झाकला गेलेला असतो. निदान बऱ्याच वेळा.

म्हणून पहिली गोष्ट, पैसे खर्च करायच्या आधी पाणी मारून बघा. ओलं केल्यावर सगळीकडं सारखं काळं झालं तर तुमचं काम होणार. ओलं असतानाही मधेच राखाडी ढग दिसत असतील तर तिथला वरचा थर फारच गेलाय, तिथं नुसत्या कोटिंगनं, म्हणजे वरनं लावायच्या पातळ थरानं, भागणार नाही, रंग असलेलं काहीतरी लावावं लागेल नाहीतर पार्ट बदला. माझा मागच्या बंपरचा डावा कोपरा असा होता. तिथं कुणीतरी कधीतरी पार्किंगमध्ये घासून गेलंय, मीच असणार.

डाव्या दाराची साईडपट्टी निम्मी सुटून लोंबकळत होतीच, ती काढली तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ठसा: पीपी प्लस ईपीडीएम, आणि पुढं टी 20. मी म्हटलं हे काय, क्रिकेट? तर टी म्हणजे टाल्क, शंखजिऱ्याची पूड, आपल्या टाल्कम पावडरीतली, आणि 20 म्हणजे 20 टक्के. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ज्याच्या असतात तेच. ईपीडीएम हे रबर, बंपर आपटला तर फुटू नये म्हणून मिसळलेलं. म्हणजे आपला बंपर पाचातला एक भाग चक्क पावडर आहे, आणि वरचं प्लास्टिक उन्हानं झिजून गेलं की ती पांढरी पूड उघडी पडते. मित्राच्या बोटाला लागलं ते हेच. पिठाची गिरणी म्हणाला ते अगदीच चूक नव्हतं.

आणि काळा रंग म्हणजे काय तर काजळी. खरंच काजळी. आजी दिव्यावर वाटी उपडी धरून काजळ धरायची तसलंच काम कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करतात, त्याला कार्बन ब्लॅक म्हणतात. ती नुसती रंगासाठी नसते, ऊन स्वतः गिळून प्लास्टिकला वाचवायचं काम तीच करते. उसाच्या रानात ठिबकच्या पाईपा काळ्या का असतात, याच्यासाठीच, दोन-अडीच टक्के काजळी घातली की ती नळी उन्हात वर्षानुवर्षं पडून राहते. टायर काळे का, तर त्यात पण तीच, सुरुवातीच्या काळातले टायर पांढुरके असायचे. म्हणजे लहानपणी आपल्याला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचे आणि बंपरलाही तीट लावलेलीच असते, फक्त दहा उन्हाळ्यांनी ती पुरी पडत नाही.

बरं, आता काम. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त चुका पण इथंच केल्या.

नेटवर सगळे काय लावायचं ते सांगतात, काय काढायचं ते कोण सांगत नाही. माझ्या बंपरवर दहा वर्षांचं खोबरेल, वॉशिंग सेंटरवाल्यांनी फुकटात मारलेलं तेलकट डॅशबोर्ड पॉलिश, बॉडी पॉलिश करताना काळ्या प्लास्टिकवर सांडून वाळलेले पांढरे डाग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुंकू. दसऱ्याला बंपरवर स्वस्तिक काढायचं म्हणून तेलात कालवलेलं कुंकू, ते त्या चिरांमध्ये जे बसलंय ते बसलंय. गंमत म्हणजे हळद उन्हानं आपोआप उडून गेलेली, हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही, कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात घातला की फिका पडतो तसं. कुंकवाचं स्वस्तिक मात्र फिकट गुलाबी होऊन तिथंच. शुभच आहे, पण दिसतं असं की गाडीला खरचटलंय.

पहिल्या दिवशी भांडी घासायचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी. अंगाला म्हणजे रंगाला तो रोज वापरू नये, लावलेलं वॅक्स सगळं काढून टाकतो, पण इथं आपल्याला तेल काढायचंच आहे. नायलॉनचा मऊ ब्रश, कपड्यांचा ताठ ब्रश नको, चरे पडतात. घासायचं, फेस तपकिरी होतो, धुवायचं, परत घासायचं. मला वाटलं दोनदा बास. पाच वेळा केलं. मग ऑल पर्पज क्लीनर, एकाला दहा पाणी करून, स्प्रे मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं, वाळू द्यायचं नाही, ब्रश, आणि धुवायचं. सावलीत, आणि बोनेट गार असताना, हे विसरू नका, नाहीतर क्लीनरचेच डाग पडतात आणि मग ते काढायला वेगळी पूजा. पॉलिशच्या पांढऱ्या डागांना पोराच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर भारी चालतं, हसू नका, करून बघा. जिथं खोडरबरानं हटत नाही तिथं मॅजिक स्पंज मिळतो, मेलामाईनचा, तो म्हणजे खरं तर अगदी बारीक पॉलिश पेपरच असतो त्यामुळं हलक्या हातानं आणि चकचकीत पार्टवर अजिबात नाही. खिडक्यांच्या मधला काळा चकचकीत खांब असतो ना काही गाड्यांना, त्याला ब्रश पण लावायचा नाही.

संपलं कधी म्हणायचं? पांढरा मायक्रोफायबर ओला करून पुसायचा, कपड्याला काळं-तपकिरी काही लागलं नाही की संपलं. आणि दुसरी खूण, पाणी टाकलं की थेंब गोळा होत नाही, सपाट पसरतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर अजून तेल आहे. माझा सकाळी सातला सुरू झालेला कार्यक्रम दुपारी एकला संपला आणि आप्पा तोवर दारात बसून बघतायत. "एवढं जर पाठ्यपुस्तक घासलं असतंस तर."

शेवटचा हात आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी निम्मं ते. कोविडमध्ये घेतलेला सॅनिटायझरचा कॅन घरात पडलेला, मी म्हटलं तोच वापरू, अल्कोहोलच की. नाही. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, ते वर राहतं, आणि ज्या कारणासाठी पुसतोय तेच बोंबलतं. साधं आयपीए इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं.

स्वच्छ झाल्यावर बंपर इतका पांढरा दिसायला लागला की बायको म्हणाली, "हे नीट करतोयस का बिघडवतोयस?" तेल गेल्यावर असंच दिसतं. घाबरायचं नाही. जरा घाबरलो होतो.

आता मधेच हीट गनचं, म्हणजे कडक गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचं सांगतो, कारण प्रत्येक जण त्याचाच व्हिडिओ दाखवतो. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये ओळखीचे मामा आहेत, त्यांच्याकडं हीट गन होती आणि भंगारात एक फुटका बंपर पडलेला. मामा म्हणाले आधी त्याच्यावर कर, गाडीला हात लावू नकोस. बरं झालं. गन चालू करून फिरवत गेलो तर खरं सांगतो, जादू. नळीच्या मागं मागं राखाडी प्लास्टिक काळं होत येतंय, कोरड्या ढेकळावर पाणी सरकत जावं तसं. एका मिनिटात एक वीत पट्टा नवा. मला इतकी मजा आली की एका जागी जरा जास्त वेळ थांबलो, बघतोय तर प्लास्टिकवरचे ते बारीक दाणे असतात ना, चामड्यासारखे, ते इस्त्री केल्यासारखे सपाट झाले आणि तिथं एक चकचकीत डाग, आणि कडा लाटेसारखी वर आली. पॉलिप्रोपिलीन 160-165 डिग्रीला वितळतं आणि ती गन 500 च्या वर जाते, मग काय होणार. ती करते काय तर वरचा थर वितळवून चिरा बुजवते. पण उन्हापासनं वाचवायला जी रसायनं त्या थरात होती ती आधीच संपलेली असतात, ती काय गरम करून परत येत नाहीत, त्यामुळं काही महिन्यांत परत पांढरं, आणि असं किती वेळा करणार. शिवाय शेजारी रंग, काच, रबर. मामा म्हणाले, "लोखंड असतं तर म्हटलं असतं कर." मी गन परत दिली.

बाकीचे उपाय पटकन सांगतो. बूट पॉलिश: पहिल्या पावसात उतरतं आणि पांढऱ्या पँटला लागतं, आमच्या एका पाव्हण्यांच्या पँटला भर लग्नात लागलं. शेंगदाण्याचं बटर, अमेरिकेतले लोक लावतात म्हणे, त्यातलं तेलच काम करतं, म्हणजे आप्पांचंच तंत्र, आणि खायचं तेल उन्हात चिकट होतं, खवट वास मारतं. शेंगतेल झुणक्यात घाला. काळा स्प्रे पेंट: पॉलिप्रोपिलीनवर रंग धरतच नाही, त्याला वेगळा प्लास्टिक प्रायमर लागतो, तो न मारता केलं तर वर्षात पापडासारखे पापुद्रे. सिलिकॉनचं तेलकट ड्रेसिंग, दुकानात तीनशे-साडेतीनशेला मिळतं ते, वाईट नाही, पण ते पण महिना-दीड महिन्याचंच, आणि त्यात दोन जाती असतात, पातळ दुधासारखं पाण्यातलं आणि चिकट पारदर्शक. घ्यायचंच तर दुधासारखं घ्या, धूळ कमी धरतं. आणि गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करायचं असेल तर आधी सिलिकॉन लावू नका, पेंटर शिव्या घालतो, रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

मी घेतलं ट्रिमचं, म्हणजे बाहेरच्या काळ्या प्लास्टिकचं, सिरॅमिक कोटिंग. नाव मोठं आहे, बाटली मात्र अत्तराएवढी, 30 मिली, आणि किंमत बघून मी दुकानदाराला म्हटलं, "ह्यात सोनं घातलंय काय?" पण 30 मिलीत सगळी गाडी होऊन उरतं, कारण लावायचं अगदी पातळ. ते द्रव असताना चिरांमध्ये शिरतं आणि मग हवेतल्या दमटपणाशी मिळून काचेसारखा कडक पातळ थर होतो. तेल तसंच ओलं राहतं, हे घट्ट होतं, सगळा फरक एवढाच आहे आणि सगळे पैसे पण याचेच. आणि काचेसारखं घट्ट होतं म्हणूनच खाली तेल राहिलं असेल तर तेही तसंच बंद होतं, किंवा थर धरतच नाही.

बंपर जिथं रंगाला भिडतो तिथं सगळीकडं मास्किंग टेप. हे मी आळस करून आरशाजवळ केलं नाही, आणि आता उजव्या आरशाच्या खाली सिल्व्हर रंगावर बोटभर काळसर ओघळ आहे, कायमचा. स्पंजवर चार-पाच थेंब, उभं आणि मग आडवं फिरवायचं, एका वेळी एक वीतभर, दोन-तीन मिनिटं थांबून जादा असेल ते कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं. टिपलं नाही तर वाळल्यावर जाड-पातळ पट्टे दिसतात. आणि तो कपडा परत वापरायचा नाही, कडक होऊन चरे पाडतो. हातमोजे घाला. खिडक्या उघड्या ठेवा म्हणायची गरज नाही कारण आपण रस्त्यावरच बसलेलो.

पहिला हात मारला तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. दारावरची पट्टी, दहा वर्षांची राख, आणि स्पंज गेला की मागं काळा, खोल काळा, पण तेलासारखा चकचकीत नाही, नव्या गाडीला असतो तसा कोरडा काळा. आप्पा खुर्ची पुढं ओढून बसले. काही बोलले नाहीत. हे लक्षात ठेवण्यासारखं.

बारा तास पाणी लागू द्यायचं नाही असं बाटलीवर लिहिलेलं. कोटिंगच्या दिवशी काम साडेबाराला संपलं. आकाश निळंशार. मी मे महिन्यात कोल्हापुरात राहून आकाश निळंशार बघून विश्वास ठेवला, माझी चूक. साडेचारला गार वारं सुटलं, पाचला वळीव. असा आला की ताडपत्री शोधेपर्यंत गाडी चिंब. सकाळी बघितलं तर मागच्या बंपरवर, आडव्या भागावर, देवीचे व्रण उठावेत तसे गोल गोल ठिपके. आधी पुसून बघितलं, जात नाहीत. मग मॅजिक स्पंजनं तेवढा भाग घासला, परत आयपीए, परत कोटिंग. या वेळी आप्पांनी स्वतः बाहेर येऊन ढग बघितले आणि मग म्हणाले, "हां, लाव आता." त्यांना येतं ते. त्यांनी आयुष्यभर कणसं वाळत घातलीयत.

आता रबर. हे वेगळंच प्रकरण आहे आणि इथं माझा राग आहे.

आमच्याकडं एक वॉशिंग सेंटर होतं, नाव नको, तिथं गाडी धुतली की खालनं डिझेलचा फवारा मारायचे, गंज लागत नाही म्हणून, आणि मग उरलेलं डिझेल कपड्यावर घेऊन दाराच्या रबरला पुसायचे, काळं चमकतं म्हणून. मी सहा-सात वर्षं आनंदानं पैसे दिले. मग 2022 च्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं व्हायला लागलं. बघितलं तर दाराची खालची बीडिंग, म्हणजे कडेची रबरपट्टी, फुगलेली, मऊ पडलेली, लाटा आलेल्या, जागेवर बसतच नाही, दार आपटल्याशिवाय लागत नाही. उद्यमनगरातल्या मामांनी बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "डिझेल पाजलंय." दाराची रबर पण ईपीडीएमची असते. ऊन, पाऊस, ओझोन, काही येऊ दे, त्याला ईपीडीएम दाद देत नाही, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑईल, ग्रीस, यातलं काही लागत राहिलं की स्पंजासारखं ते पितं आणि फुगतं. मामांनी उदाहरण दिलं ते डोक्यात बसलं: ब्रेकमधल्या रबरा ह्याच जातीच्या असतात, ब्रेक ऑईलमध्ये वर्षानुवर्षं भिजून राहतात, काही होत नाही, कारण ते नावाला ऑईल, असतं ग्लायकॉलचं. त्याच टाकीत चुकून थोडं इंजिन ऑईल पडलं तर सगळ्या रबरा फुगून ब्रेकचा सत्यानाश. म्हणजे तेल तेल म्हणून सगळं सारखं नाही. चप्पल तेल पिऊन जगते, बंपर पीतच नाही, आणि दाराची रबर डिझेल पिऊन मरते.

दोन दारांच्या बीडिंग बदलल्या. उरलेल्या दोन वाचल्या, त्यांना मी काय करतो ते सांगतो. साध्या शाम्पूच्या पाण्यात फडकं पिळून पुसायचं, खाचेतली माती जुन्या टूथब्रशनं, पूर्ण कोरडं करायचं, आणि मग सिलिकॉन स्प्रे, पण रबरवर नाही मारायचा, कपड्यावर मारायचा आणि तो फिरवायचा. थेट मारला की काचेवर उडतो आणि मग रात्री पावसात वायपर फिरला की समोर नुसता तेलकट धुरळा. खिडकीची काच वर जाताना कण्हत असेल तर ज्या खाचेतनं काच सरकते तिथं पण हेच थोडं, मोटर दुवा देते. वायपरच्या रबरला मात्र सिलिकॉन, तेल, पॉलिश काहीच नाही, ओल्या कपड्यानं पुसायचं बास, आणि दोन पावसाळे झाले की बदला, त्यात कंजुषी नको.

टायर तपकिरी पडतात ते पण विचारतात लोक. ती घाण नसते सगळी. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारं रसायन मुद्दाम घातलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि हवेशी मिळून तपकिरी होतं. म्हणजे टायर त्याचं काम करतोय. ब्रशनं धुवा, हवं तर बाजूला पाण्यातलं ड्रेसिंग लावा, जिथं रस्त्याला टेकतो तिथं अजिबात नाही. आणि बाईकच्या टायरला तर लावूच नका, पन्हाळ्याच्या वळणावर कळेल का ते.

आता जवळजवळ एक वर्ष होत आलं. एक पूर्ण पावसाळा, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं चाललेला एक पूर्ण हंगाम, आणि आता हा उन्हाळा. दारांच्या पट्ट्या आणि चाकाच्या कमानी अजून काळ्या, पाणी मारलं की थेंब गोळा होऊन पळतात. आरसे ठीक. पण वायपरखालची जाळी, जी आडवी आहे आणि दिवसभर वर तोंड करून ऊन खाते, ती परत फिकी पडायला लागलीय, अजून पांढरी नाही, पण शेजारी पट्टी धरली की फरक कळतो. बंपरची वरची कड पण तशीच. उभ्या भागावर ऊन तिरकं पडतं, आडव्यावर सरळ, एवढाच हिशोब आहे. म्हणून आता पुढनं काचेवर आणि जाळीवर पडेल असा जुना पडदा शिवून घेतलाय, दुपारी टाकतो, आणि गाडीचं तोंड पूर्वेला करून लावतो म्हणजे दुपारचं ऊन मागच्या बाजूला. त्या मागच्या डाव्या कोपऱ्याचे राखाडी ढग आहेत तसेच आहेत, तिथं कोटिंगनं काही केलं नाही, आधीच सांगितलेलं.

बाटलीत अजून पाव भाग शिल्लक आहे असं मला वाटत होतं. परवा उघडली तर आत खडीसाखरेसारखं घट्ट झालेलं, एकदा उघडली की हवेतला दमटपणा शिरतो आणि ते बाटलीतच वाळतं. आप्पांनी ते बघितलं, बाटली हातात घेऊन हलवली, उन्हाकडं धरून बघितली. "आमचं खोबरेल थंडीत गोठतं, पण परत वितळतं तरी," म्हणाले, आणि चपलेला तेल लावायला बसले.

नवीन बाटली मागवलीय. रविवारी फक्त जाळी आणि बंपरची वरची कड, सकाळी सातला बसलो तर दहापर्यंत होईल. ढग बघायचं काम आप्पांकडं.